पंपातला बिघाड

प्रिय चौकशीबाई,

फोन करायचा सोडून बाबांनी पत्र का पाठवलं, म्हणून पाकीट हातात घेताच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहे, सकाळी फिरायला जाते आणि जेवढं चालते त्याच्या दुप्पट वेळ शेजारच्या काकूंशी फाटकात उभी राहून बोलते. वर्कशॉपचं शटर मी अजून रोज उघडतो, तू नको म्हणालीस तरी. पण जड मोटारी उचलत नाही, फक्त सील आणि बेअरिंगची कामं घेतो, तेव्हा रागावू नकोस. पत्र अशासाठी की फोनवर मी दोन वाक्यांत पाऊसपाण्यावर येतो आणि आई शेजारून 'जेवली का विचारा' म्हणून खुणा करत बसते. आज जे सांगायचंय ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

आधी एक गंमत ऐक. परवा केस कापायला गेलो होतो. न्हाव्याने सहज विचारलं, 'काका, मुलगी हॉस्पिटलात काय करते म्हणालात?' इतकी वर्षं या प्रश्नाला माझं एकच ठरलेलं उत्तर होतं, 'कॉम्प्युटरवर काम करते.' तुझा मामा तर एकदा तोंडावर म्हणाला होता, 'डॉक्टर नाही, नर्स नाही, मग ही हॉस्पिटलात जाते तरी कशाला?' तेव्हा मी हसण्यावारी नेलं, कारण खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं. परवा मात्र मी सुटलोच. त्याला म्हणालो, हे बघ, हॉस्पिटलात माणसावर जे जे करतात त्या प्रत्येक गोष्टीला एक ठरलेला कोड असतो. काय केलं त्याचा एक आणि का केलं त्याचा दुसरा. डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचायचं, समजून घ्यायचं आणि नेमका तोच कोड लावायचा. त्यावर विमा कंपनी क्लेम मंजूर करते नाहीतर परत पाठवते. कोड चुकला तर बरा झालेला माणूससुद्धा पुन्हा आजारी पडेल, अशी अवस्था होते. माझी मुलगी ते काम करते, आणि असं करते की डॉक्टर तिला विचारायला येतात. सांगता सांगता मी इतका रंगलो की मान हलली आणि एका कानामागचे केस वाकडे कापले गेले. आई म्हणते उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय. दिसू दे.

खरं तर मला नवल वाटायला नको होतं. तू लहान होतीस तेव्हा शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून थेट वर्कशॉपमध्ये यायचीस. मी खोललेल्या पंपासमोर उकिडवी बसायचीस आणि विचारायचीस, 'बाबा, हा का बिघडला?' मी म्हणायचो, 'जुना झाला.' ते तुला पुरायचं नाही. 'जुना झाला म्हणजे काय झालं?' मग मला हातातलं काम टाकून खरंच बघावं लागायचं, सील फाटलंय, की वाळू गेलीय, की शाफ्ट वाकलाय. गिऱ्हाईक घाईत असायचं, तुझं समाधान झाल्याशिवाय त्याचा पंप हलायचा नाही. चौकशीबाई हे नाव तिथेच पडलं. तेव्हा मी वैतागायचो. आज तेच नाव घेताना मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या सुट्टीत तू आली होतीस ती दुपार तुला आठवत असेल. जेवणं आटोपत आली होती. आईने विचारलं, 'कामावर काय नवीन?' तू म्हणालीस, 'एक मोठं अपील जिंकले.' 'कसलं गं?' आणि तू पाण्याचा घोट घेऊन, अगदी गुडघ्याची वाटी बदलली म्हणावं तशा आवाजात सांगितलंस, 'एका पेशंटच्या लिंगात बसवलेलं इम्प्लांट बंद पडलं होतं. डॉक्टरांनी ते बदललं आणि विमा कंपनी मान्य करत नव्हती.' आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. मी सफरचंद सोलत होतो, मी मान वर केली नाही. तुला वाटलं आम्ही लाजलो. 'बाबा, यात लाजायचं काय? शरीराचाच भाग आहे,' म्हणालीस आणि पुढे सांगत राहिलीस. ती गोष्ट आज मी तुलाच परत सांगणार आहे. तू सांगत होतीस तेव्हा समोर बसून मी काय ऐकत होतो, ते तुला कळायला हवं.

तू नाव सांगितलं नाहीस, गाव सांगितलं नाहीस. एक निवृत्त बस-ड्रायव्हर, एवढंच. त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनने कॅन्सर गेला, पण जाताना नवरा-बायकोमधली एक गोष्ट घेऊन गेला. मग डॉक्टरांनी ते उपकरण बसवलं. आईला समजावं म्हणून तू जेवणाच्या टेबलावरच त्याची मांडणी केलीस. पाण्याचा पेला म्हणजे पोटात ठेवलेली पाण्याची छोटी पिशवी, दोन गुंडाळलेले रुमाल म्हणजे आतल्या पोकळ नळ्या आणि मिठाची बाटली म्हणजे अंडकोशाच्या पिशवीत बसवलेला बोटाच्या पेराएवढा पंप. पंप दाबला की पाणी पिशवीतून नळ्यांत जातं, सोडलं की परत येतं. 'बाबा, हे तर तुमच्या धंद्यातलंच आहे की!' म्हणालीस. मी नुसतं 'हं' केलं. बरीच वर्षं ते उपकरण चाललं आणि मग एक दिवस पंप दाबला तर काहीच होईना. नळी चिरली होती, पाणी गळून गेलं होतं. सर्जनने एकाच वेळी जुनं सगळं काढून नवं बसवलं. माणूस बरा होऊन घरी गेला आणि क्लेम मात्र परत आला. जुनं काढणं मान्य, नवं बसवणं अमान्य. कारण काय, तर वैद्यकीय गरज दिसत नाही.

ती फाईल परत आली तेव्हा तुमच्या खात्यात काय झालं ते सांगताना तुझा आवाज पहिल्यांदा चढला. कुणीतरी ती मोठ्याने वाचली. कुणीतरी म्हणालं, 'आजोबांना अजून हौस आहे बघा!' आणि सगळ्या टेबलांवर खसखस पिकली. तू खुर्ची मागे सारून उभी राहिलीस. 'ही फाईल हसायची नाही. ज्याला हसायचंय त्याने कँटीनमध्ये जाऊन हसून यावं, मग फाईल हातात घ्यावी.' ज्याने विनोद केला होता तो नंतर तुझ्या टेबलाशी येऊन 'सॉरी' म्हणून गेला, आणि त्या अपिलाचे जुने संदर्भ त्यानेच शोधून दिले. मला ते फार आवडलं. तू माणसाला गप्प केलंस, पण त्याला कामालाही लावलंस.

मग तुझे साहेब आले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, असं तूच म्हणालीस. परत आलेल्या क्लेमचा ढीग बघून बघून कंटाळलेला माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, 'कशाला डोकं फोडतेस? संसर्ग झाला होता असं दाखव. संसर्ग झालेली जागा धुऊन, साफ करून इम्प्लांट बदललं, याचा वेगळा कोड आहे. तो लाव. संसर्ग म्हटला की कंपनी गरज आहे का म्हणून विचारत नाही. आठवड्यात सुटेल. पेशंटचंच भलं आहे.' आणि तू म्हणालीस, 'साहेब, त्यांना संसर्ग नव्हता. पंप बंद पडला होता, एवढंच.'

ते म्हणाले, 'कुणाला कळणार आहे?' यावर तू जे बोललीस ते मी मनात इतक्यांदा घोळवलंय की मला पाठ झालंय. 'हा खोटा संसर्ग त्यांच्या नावाला कायमचा चिकटेल. उद्या दुसरा कुठला डॉक्टर त्यांची फाईल उघडेल आणि जो आजार झालाच नाही त्याला घाबरून काहीतरी ठरवेल. आणि साहेब, प्रत्येक वेळी खोटं सांगून काम काढलं, तर ज्याचा नुसता पंप बंद पडलाय त्याला खरं सांगायची सोय कधीच होणार नाही.' साहेबांनी हात वर केले. म्हणाले, 'मग तूच लढ. पण मुदत थोडी आहे, आणि फसलं तर वर जाणाऱ्या रिपोर्टात नाव तुझं असेल.' तू म्हणालीस, 'असू दे.' एवढं सांगून तू शांतपणे भांडी उचलायला लागलीस, जसं काही विशेष झालंच नव्हतं. पोरी, 'असू दे' म्हणायला किती लागतं ते मला माहीत आहे. त्या वेळी तुझी बढती तोंडावर होती, ते तू सांगितलं नाहीस, पण आईने तुझ्या मैत्रिणीकडून काढून घेतलं होतं.

सर्जनला गाठायला तू ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून राहिलीस. ते टोपी काढत बाहेर आले तशी तू म्हणालीस, 'डॉक्टर, तुम्ही काढलं आणि बसवलं हे लिहिलंय. का काढलं ते लिहिलेलं नाही.' ते म्हणाले, 'ते तर उघडच होतं.' तू म्हणालीस, 'तुम्हाला उघड होतं, कारण तुम्ही आत बघत होता. कंपनीच्या माणसाकडे फक्त तुमचा कागद आहे.' ते थबकले, मग हसले आणि तुझ्या शेजारी त्याच बाकावर बसले. दोघांनी मिळून ऑपरेशनच्या दिवसाची सगळी टिपणं, फोटो, तपासणीचे रिपोर्ट परत बघितले आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने, मागची नव्हे तर लिहिण्याच्या दिवसाचीच तारीख टाकून पुरवणी लिहिली. पंपाजवळची नळी चिरलेली. पाणी गळून गेलेलं. पू नाही. तपासणीत जंतू आढळले नाहीत. सगळे भाग काढून त्याच बैठकीत नवे बसवले. त्या डॉक्टरांबद्दल तू फार आदराने बोललीस. चूक दाखवली तर रागावत नाहीत, उलट खुर्ची देतात, म्हणालीस. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं. का, ते पुढे कळेल.

आणि मग सुनावणी. लांबट टेबल, पलीकडे कंपनीचे तिघं, अलीकडे तू, सर्जन, आणि अगदी कडेला तो ड्रायव्हर, इस्त्रीच्या शर्टात, नजर जमिनीला लावून. त्याची बायकोही आली होती, कुणी बोलावलं नव्हतं तरी. कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, 'पहिलं इम्प्लांट समजू शकतो. पण आता, या वयात, याची गरज आहे का?' तू म्हणालीस, 'फॉर्मवर वय विचारलंय, पण तुमच्या नियमांत वयाची अट कुठेच नाही. कॅन्सरच्या उपचाराने झालेलं नुकसान म्हणून पहिलं तुम्हीच मंजूर केलंत. ते नुकसान अजून तिथेच आहे, झिजलंय ते फक्त उपकरण. बदललेला गुडघा झिजला तर दुसरा देता ना? मग पहिल्या वेळी जो उपचार होता तो दुसऱ्या वेळी चैन कसा झाला?' कंपनीचे डॉक्टर कागद चाळायला लागले. ते चाळत असताना कडेकडून त्या बायकोचा आवाज आला, 'आणि गरजेचं म्हणाल, तर ते आमचं आम्हाला कळतं.' म्हणे त्या टेबलावरचा सगळ्यात करडा माणूससुद्धा खाली बघून हसला. चेष्टेने नाही, तू मुद्दाम सांगितलंस. आणि ड्रायव्हरने पहिल्यांदा मान वर केली.

अपील मंजूर झालं. खऱ्या कोडवर, खऱ्या कारणावर. ते कळवायला तू त्यांच्या घरी फोन केलास, तर पलीकडून बायकोच बोलली. 'ते इथेच उभे आहेत, पण त्यांना आज बोलवत नाहीये. मीच सांगते, पोरी, तू आमची लाज राखलीस.' तू म्हणालीस, 'काकू, यात लाज नव्हतीच.' त्यानंतर साहेबांनी नवीन आलेल्यांना शिकवायचं काम तुझ्याकडे दिलं, आणि हॉस्पिटलने आपल्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली. उपकरण बदलण्याचं कारण, सर्जनने स्वतः लिहायचं. ही शेवटची गोष्ट तू अशी सांगितलीस जशी कुणी पडदे बदलल्याचं सांगावं. आई टक लावून तुझ्याकडे बघत होती. माझ्याकडे कुणी बघितलं असतं तर दिसलं असतं, सालीबरोबर मी अर्धं सफरचंद कापून टाकलं होतं.

आता माझ्या बाजूने सांगतो. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे, तूच तर माझ्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचीस. त्यानंतरचं वर्षही तुला आठवत असेल. तू हॉस्टेलवरून यायचीस आणि आईला विचारायचीस, 'बाबा इतके चिडके का झालेत?' मी कुणाशी बोलत नसे. संध्याकाळी घरी यायचं टाळायचो, वर्कशॉपमध्ये उगाच तेच तेच नटबोल्ट पुसत बसायचो. आई जवळ येऊन बसली की मी उठून जायचो. कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाने असं वागावं, हे मलाच समजत नव्हतं. आईला समजलं. माझ्या आधी तीच डॉक्टरांशी जाऊन बोलली. एकटी गेली, सगळं विचारून आली, आणि परत आल्यावर माझ्यासमोर बसून म्हणाली, 'यावर उपाय आहे. तुमची तयारी असली तर माझी आहे.' त्या बाईचं धैर्य बघ. तुझ्यात ते कुठून आलं याचा मला कधीच प्रश्न पडला नाही. पुढे माझं एक ऑपरेशन झालं, तू परीक्षेत होतीस, आम्ही तुला हर्निया म्हणून सांगितलं. तो हर्निया नव्हता. तू टेबलावर पेला, रुमाल आणि मिठाची बाटली मांडून जे दाखवलंस, ते तुझा बाप किती वर्षं अंगात घेऊन फिरतोय. त्यानंतरचे आमचे दिवस चांगले गेले. बापाने मुलीला याहून जास्त लिहू नये.

मग तुझ्या त्या सुट्टीच्या थोडं आधी माझाही पंप बंद पडला. जन्मभर दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केले, निदान करायला मला डॉक्टर लागला नाही. दाब धरत नाही म्हणजे लाईन कुठेतरी गळतेय. दुखत नव्हतं, ताप नव्हता. मी आईला सांगितलं आणि म्हणालो, 'राहू दे, आता या वयात काय!' ती म्हणाली, 'तुम्ही ठरवा,' पण दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. मी मनाशी पक्कं केलं होतं की कुणाला सांगायचं नाही. परत ते काउंटर, परत त्या माना वळवून बघणाऱ्या नजरा, आणि शेवटी कंपनीने 'गरज दिसत नाही' म्हणून कागद तोंडावर फेकायचा. नकोच ते. आणि अशात तू घरी आलीस आणि जेवताना तोच माणूस समोर बसवलास. कंपनीचे डॉक्टर 'या वयात' म्हणाले हे तू सांगितलंस, तेव्हा ते माझेच शब्द होते. तुझं सांगून संपताच मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो. आई मागून आली. टॉवेल पुढे करत एवढंच म्हणाली, 'ऐकलंत ना?'

पुढच्याच आठवड्यात आम्ही तुझ्या शहरात येऊन गेलो. रागावू नकोस, आधी ऐक. तू ज्यांचं कौतुक केलं होतंस त्याच सर्जनची वेळ घेतली होती. काउंटरवर गर्दी होती, माझ्या पाठीला पाठ लावून माणसं उभी होती. बसलेल्या बाईंनी विचारलं, 'कशासाठी दाखवायचंय?' मागच्या खेपेला याच प्रश्नावर मी खिडकीत तोंड घालून पुटपुटलो होतो आणि तिथल्या माणसाला तीनदा 'काय?' म्हणावं लागलं होतं. या खेपेला मी सरळ उभा राहून, तुझ्याच आवाजात म्हणालो, 'लिंगातलं इम्प्लांट बंद पडलंय. बदलायचंय.' मागे कुणीतरी खोकलं. बाईंनी मान वर न करता टाईप केलं आणि चष्मा सावरत सांगितलं, 'पुढच्या कॉरिडॉरने डावीकडे, काका. लिफ्ट चालू आहे.' बस, एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. आई माझ्याकडे अशी बघत होती जसं मी कुस्ती मारून आलोय.

डॉक्टरांनी तपासलं आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, 'बिघाड की संसर्ग, ते आता आम्हाला सविस्तर लिहावं लागतं. आमच्या कोडिंगच्या बाई आहेत, कारण लिहिल्याशिवाय सोडत नाहीत. पण त्यांच्यामुळे तुमच्यासारख्यांची मंजुरी आधीच मिळायला लागली.' मी त्या स्टुलावर बसलेलो, अंगात हॉस्पिटलचा गाऊन, पाय उघडे, आणि तोंडावर आलेलं 'ती माझी मुलगी' हे वाक्य मी दातांखाली दाबून धरलं. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलं नसेल. आईने तर पदर तोंडाला लावला. सांगितलं नाही, कारण ते आधी तुला कळायला हवं होतं. बाहेर पडताना कॉरिडॉरच्या टोकाला तू दिसलीस. बरोबर दोन नवीन पोरी होत्या, त्यांना काहीतरी समजावत झपझप चालली होतीस, त्या मागून जवळजवळ पळत होत्या. आईने मला हाताला धरून खांबाआड ओढलं. तू जवळून गेलीस. 'कशाने बिघडलं ते आधी शोधा,' असं काहीतरी म्हणत होतीस. मला हाक मारावीशी वाटली. पण त्या वेळी तू इतकी छान दिसत होतीस, की कामात व्यत्यय आणवला नाही.

तर पत्राचं कारण हे. मला मंजुरी मिळाली आहे, पहिल्या फटक्यात, खऱ्या कारणावर. येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. तुमच्या नियमात नात्यातल्या माणसाची फाईल उघडता येत नाही, आणि असल्या सगळ्या फाईली तर आता तुझ्याच टेबलावर येतात. पडद्यावर माझं नाव अचानक समोर येऊन तुला कळावं, हे मला नको होतं. ते माझ्याकडून कळायला हवं, आणि मान खाली घालून नाही. म्हणून आधीच सांगतोय, ती फाईल आली की शेजारच्या टेबलावर दे. कुणी का म्हणून विचारलं तर सांग, हे माझे बाबा आहेत. आवाज बारीक करू नकोस, मी काउंटरवर केला नाही. डॉक्टरांनाही तूच सांग, माझी फार इच्छा होती, पण तो मान तुझा. आणि मग खुर्चीतून ऊठ आणि वर वॉर्डात ये. आई सकाळपासून तिथे एकटी बसलेली असेल, तिला चहाला घेऊन जा. भेटायच्या वेळा दुपारच्या आहेत, असं पाटीवर लिहिलंय. पण तुझ्या गळ्यात ओळखपत्र आहे. तू केव्हाही ये.

तुझाच, सध्या दुरुस्तीला आलेला,
बाबा